पोरगी टिकली नाही, की टिकू दिली नाही?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत राबून बापाने फी भरली. पोरगी जीएनएम करून सिस्टर झाली, विहारात सत्कार झाला. सहा-आठ महिन्यांत ती नोकरी सोडून घरी बसली. वस्ती म्हणते, ‘नाजूक होती, टिकली नाही.’

आम्ही वॉर्डात वर्षे काढली आहेत. आम्ही म्हणतो, दोष पोरीचा नाही. पहिल्याच महिन्यात तिला नाईटला एकटी ठेवतात. विचारायला जुनी सिस्टर नाही, चुकले की बोलणी मात्र तिलाच. वर आडनाव ऐकून नजर बदलणारेही भेटतात.

तथागतांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूची सेवा केली, ही कथा आपण नेहमी सांगतो. पण तेव्हा सोबत आनंद होते. एकाने डोक्याकडून धरले, एकाने पायाकडून. सेवा एकट्यावर टाकायची नसते, हेही त्या कथेत आहे.

2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 रुपये, तर 200 पेक्षा जास्त खाटा असतील तिथे सरकारी नर्सएवढा पगार सुचवला. केरळने 2018 मध्ये किमान पगाराची अधिसूचना काढली. आपल्या लेकीला किती मिळतात, तिचे पासबुक उघडून बघा. कामगाराच्या आठ तासांसाठी मजूरमंत्री बाबासाहेब झटले. मग लेकीच्या बारा तासांच्या नाईटवर आपण गप्प का?

नव्या सिस्टरांनो, एवढे करा. नेमणुकीचे पत्र लेखी घ्या. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. वापरलेली सुई टोचली तर लपवू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितके बरे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे, 2013 च्या कायद्याने, लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती असलीच पाहिजे. तिच्यात कोण आहे, ते विचारून ठेवा.

आईबापांनो, पोरगी रडत घरी आली तर लगेच स्थळ बघू नका. आधी तिचे ऐका. सोडायचीच असेल तर ती जागा सोडू द्या, पेशा नको.

आणि प्रत्येक विहारात महिन्यातून एक संध्याकाळ जुन्या सिस्टरांनी नव्यांसोबत बसावे. आपण शिकलो खरे, संघटित व्हायचे राहिले आहे.

जयभीम!