मराठी कागद चालतो, मराठी पोर नाही



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. सध्या संध्याकाळी आमच्याकडे पूर्व भागातली एक मुलगी येते. वडील टॉवेलच्या कारखान्यात, घरी तेलुगू, शाळा मराठी. तिला वकील व्हायचंय. "बाई, एवढा अर्ज बघून द्या ना," म्हणून आली आणि मग मीच त्यात गुंतले.

आधी कागदपत्रं. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर. एका कागदावर तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त निघाला. एका कार्यालयातून उत्तर आलं, प्रतिज्ञापत्र आणा. दोन चकरा, वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडाली. मी तिला म्हटलं, कायद्याचा पहिला धडा झाला म्हण! पण माझं भांडण त्या 'एच'शी नाही.

भांडण आहे 'क्लॅट'शी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून ही सामाईक परीक्षा होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा, आणि फी चार हजार (काही गटांना साडेतीन). पेपर फक्त इंग्रजीत. डिसेंबर २०२५ मध्ये झाला तोही इंग्रजीतच.

सांगतात, इंग्रजी विषयाला साधारण एक पंचमांशच गुण आहेत. मी नमुना पेपर घेऊन बसले. तर्क असो, कायदा असो, चालू घडामोडी असोत, आधी सुमारे साडेचारशे शब्दांचा इंग्रजी उतारा, मग त्यावर प्रश्न. गणितसुद्धा उताऱ्यातूनच! म्हणजे पंचमांश कसला, सगळा पेपरच इंग्रजी वाचनाच्या वेगाचा. एक उतारा मी तिला मराठीत सांगितला, करार मोडला तर भरपाई कोणी द्यायची असा. तिनं झटक्यात बरोबर उत्तर दिलं, वर कारणही दिलं. तोच उतारा इंग्रजीत वाचताना तिचा वेळ संपला. मला सांगा, यात कमी काय पडलं? बुद्धी की वेग?

"अहो, कायदा इंग्रजीतच असतो," असं आमचे एक वकील नातेवाईक म्हणाले. (वाचत असाल तर रागावू नका.) उच्च न्यायालयात इंग्रजी लागतं, मान्य. पण महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. फिर्याद, पंचनामा, सातबारा, साक्षीदाराचा जबाब, सगळं मराठीत. आमच्या सोलापुरात तर साक्षीदार तेलुगू नाहीतर कानडी बोलणारा निघतो. त्याचं म्हणणं नीट कळणारी वकील हवी की नको? इंग्रजी शिकवा ना, पाच वर्षं हातात आहेत. दारातच कशाला अडवता?

आणि हे जमत नाही असंही नाही. आपल्या राज्याची विधी सीईटी २०१६ पासून आहे, तिथे मराठीचा पर्याय आहे. डॉक्टरकीची 'नीट' मराठीत देता येते. गंमत म्हणजे वकिली करण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षाही मराठीत देता येते! म्हणजे बाहेर पडताना मराठी चालते, आत शिरताना नाही. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याबद्दल जनहित याचिका झाली, बार कौन्सिलनंही प्रादेशिक भाषांची बाजू घेतली. तरी पेपर तसाच.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानं मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला अशी विद्यापीठं उभी राहिली. तिथे राज्यातल्या रहिवाशांसाठी जागा राखीव आहेत. रहिवासी कोण, ते दाखल्यावरून ठरतं. या मुलीच्या फाईलमधले दाखले मराठीत आहेत. कागद मराठी असला तर चालतो, पोर मराठीतून विचार करणारी असली तर मात्र मागे राहते. हा कुठला न्याय?

मी चाळीसेक वर्षं मराठी शाळेत शिकवलं. 'मातृभाषेतून शिका, समज पक्की होते' असं पालकांना सांगत आले. ज्यांनी माझं ऐकलं, त्यांच्याच नाती आज रांगेत मागे उभ्या आहेत. हे मला टोचतं.

असो. ती दोन्ही अर्ज भरणार आहे. रोज एक इंग्रजी अग्रलेख, समोर घड्याळ. म्हणजे ज्याच्याविरुद्ध इतकं लिहिलं, तेच मी तिच्याकडून घोटून घेतेय! दुसरं काय करणार? परीक्षा बदलेपर्यंत तिचं वय थांबणार नाही.

तुमच्यापैकी जे वकील आहेत, ते एवढं तरी जाहीर लिहाल का, की तुमची पहिली केस कुठल्या भाषेत उभी राहिली होती?