कोंबडी अंडी देत नाही म्हणे!

परवा लंचला एका मित्राने जाहीर केलं, "सहापैकी तीन कोंबड्या नॉन-परफॉर्मर निघाल्या यार. पुढच्या रविवारी रस्सा!" या साहेबांनी चार महिन्यांपूर्वी मुळशीकडच्या त्यांच्या प्लॉटवर गावठी कोंबड्या पाळल्यात. टेबलावर सगळे हसले. मीही हसलो. पण घास काही नीट उतरेना. कारण हाच डायलॉग मी एकदा स्वतः मारला होता.

डिसेंबर २०२०. वर्क फ्रॉम होम, मुक्काम पोस्ट गाव. परसात पाच कोंबड्या. मी (सवयीप्रमाणे) एक्सेल शीट केली. कोंबडी, तारीख, अंडी. तीन आठवड्यांत काळीच्या रकान्यात सगळे भोपळे. काकाला शीट दाखवली. तो म्हणाला, वांझ असेल, कापू. आजी म्हणाली, "अरे, हात लावून तरी बघ तिला." कोण ऐकतो! डेटा होता ना माझ्याकडे.

काकाने पोट साफ करायला घेतलं आणि गप्प झाला. आत कवचासकट तयार अंडं होतं. त्यामागे पिवळ्या बलकांची रांग, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. म्हणजे उद्याचं, परवाचं, तेरवाचं अंडं. आठवड्याने कडब्याच्या गंजीमागे नऊ अंडी सापडली. बाई रोजचं काम चोख करत होती, फक्त आमच्या टोपलीत करत नव्हती. आम्ही टोपलीतलं प्रत्येक अंडं उचलायचो. आजी एक अंडं तसंच ठेवायची, ते का ते तेव्हा कळलं. घरटं रिकामं दिसलं की कोंबडी दुसरी जागा शोधते.

असो. तर माझं म्हणणं असं, की "अंडी देत नाही" हा कोंबडीबद्दलचा निष्कर्ष नसतो. बऱ्याचदा तो मालकाच्या आळसाबद्दलचा निष्कर्ष असतो.

मुळात आपली अपेक्षाच चुकीची. रोज एक अंडं! हा आकडा आपण दुकानातल्या ट्रेवरून उचललेला. व्हाइट लेगहॉर्नसारखी खास अंड्यांसाठी वाढवलेली जात वर्षाला तीनशेच्या आसपास देते, तेही मोजून खाद्य आणि मोजून उजेड मिळाला तर. परसातली गावठी कोंबडी साठ-सत्तर अंड्यांत वर्ष काढते. पुन्हा ती सहासात महिन्यांची झाल्याशिवाय सुरुवातच करत नाही. आमच्या मित्राने विकत आणल्या त्यातल्या किती तलंगा होत्या, हे त्यालाच ठाऊक नाही!

दुसरं, एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास निव्वळ कवचाला. म्हणजे आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊला, परवा त्याहून उशिरा, आणि मग एक दिवस सुट्टी. एका दिवसाच्या तपासणीवर निकाल देणारा माणूस एकदा टेस्ट फेल झाली म्हणून अख्खं सॉफ्टवेअर डिलीट करणाऱ्यातला.

तिसरं, सुट्टीची कारणं. कोंबडीला अंड्यावर यायला लांब दिवस लागतो, चौदा तासांच्या आसपास उजेड. आपल्याकडे डिसेंबरात जेमतेम अकरा तास मिळतात. पिसं झडायला लागली की दोनतीन महिने अंडी बंद, कारण सगळं प्रोटीन नव्या पिसांना. खुडूक बसली तर ती रुसलेली नाही, तिला एकवीस दिवस अंडी उबवायची आहेत. यात बिघाड कुठाय?

आणि तपासणं इतकं सोपं आहे की लाज वाटावी. रात्री कोंबडी शांत असते, तेव्हा उचला. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटं ठेवून बघा. दोनतीन बोटं मावली तर अंड्यावर आहे, जेमतेम एक मावलं तर सध्या बंद. पोट मऊ लागतं, अंड्याची जागा रुंद आणि ओलसर दिसते, तुरा लालभडक असतो. पिवळ्या पायाची जात असेल तर अंडी घालता घालता आधी मागची जागा, मग चोच, मग पाय फिके पडतात, कारण तो पिवळा रंग बलकात जातो. एवढं करूनही शंका असेल तर चारपाच दिवस तिला दुपारपर्यंत वेगळी कोंडा. बहुतेक अंडी दुपारच्या आतच पडतात. शिवाय मुंगूस, कावळे आणि स्वतःचीच अंडी फोडून खाणाऱ्या कोंबड्या हेही संशयित आहेत, त्यांना कोण धरणार?

आता कुणी म्हणेल, एवढा पुळका तर शाकाहारी हो. नाही होणार. तांबडा रस्सा मला तुमच्याइतकाच आवडतो. कोंबडी म्हातारी झाली, खरंच थांबली आणि तुम्हाला दाणे परवडत नाहीत, तर जरूर कापा. पण ते "मला हवंय म्हणून" असं म्हणून कापा. न तपासता तिच्यावर कामचोरीचा शिक्का मारून कापू नका. अप्रेझलला मॅनेजरने आपलं काम न बघता रेटिंग दिलं की आपण महिनाभर धुसफुसतो. आपल्या हातात सुरी आली की मात्र आपणही तेच करतो. काळीच्या बाबतीत मी तेच केलं. ती शीट अजून लॅपटॉपवर आहे, भोपळ्यांसकट. डिलीट करवत नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू येऊन बघ मग." शनिवारी रात्री टॉर्च घेऊन जातोय. तिघींपैकी एक जरी दोन बोटांची निघाली, तर रविवारी रश्श्यात बटाटे. :)