नावडतीचे मीठ आणि झाकलेली बाटली

‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरतो की तिच्यात एका मोठ्या वैज्ञानिक सत्याचे सार साठलेले आहे, याकडे आपले लक्षच जात नाही. मीठ तेच असते, स्वयंपाकही तोच असतो. बदललेला असतो तो वाढणाऱ्या हाताविषयीचा आपला भाव. तो भाव जिभेपर्यंत पोहोचतो आणि जीभ साक्ष देते ती मिठाविषयी नव्हे, तर नावडतीविषयी. नाव झाकून चव घेण्याची पद्धत ज्या क्षेत्राने सर्वांत गाजावाजाने स्वीकारली, त्या वाइनपरीक्षणाच्या क्षेत्रातील एका घटनेच्या आधारे काही विचार मी आपल्यापुढे मांडू इच्छितो.

१९६० पासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत, त्यातही बडोद्याच्या डॉक्टर मंडळींच्या स्मरणिकेत वाइनचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. या लेखाचा हेतू मद्यपानाची भलामण करण्याचा नाही, हे प्रथमच सांगतो. मद्य कर्करोगास कारणीभूत ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले आहे. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याच्या दृष्टीने निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. माझा विषय पेयाचा नसून पारखण्याचा आहे. आणि पारखणे हा तर आपला रोजचा व्यवसाय.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज वाइनविक्रेत्याने एक परीक्षण घडवून आणले. शार्दोने द्राक्षांपासून केलेल्या दहा पांढऱ्या वाइन त्याने निवडल्या होत्या. सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या. बाटल्यांवरील नावे दिसू नयेत अशी व्यवस्था होती. प्रत्येक परीक्षकाने वीसपैकी गुण द्यावयाचे होते. ज्यांचे गुण निकालात धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच, आणि आपापल्या क्षेत्रातील मान्यवर. त्या काळी बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनला स्पर्धक असू शकतो, ही कल्पनाच हास्यास्पद मानली जात असे.

निकाल लागला तेव्हा पहिल्या स्थानी कॅलिफोर्नियाची शातो माँतेलेना होती. तिला १३२ गुण मिळाले. दुसऱ्या स्थानी बर्गंडीची मर्सो-शार्म, १२६.५ गुण. तिसरी आणि चौथी पुन्हा कॅलिफोर्नियाच्या. बर्गंडीची अतिप्रतिष्ठित बातार-माँत्राशे सातव्या स्थानावर गेली. दहाव्या वाइनला अवघे ४२ गुण मिळाले. ती कॅलिफोर्नियाचीच होती. तेथे उपस्थित असलेला एकमेव वार्ताहर ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. कोणत्या पेल्यात काय आहे, याची यादी त्याच्या हाती होती. कॅलिफोर्नियाच्या वाइनचा घोट घेऊन ‘आता आपण फ्रान्सला परतलो’ अशा अर्थाचे उद्गार काढणारे एक परीक्षक आणि बातार-माँत्राशे हुंगून ‘ही नक्की कॅलिफोर्नियाची, हिला गंधच नाही’ असा निर्वाळा देणारे दुसरे, अशी दोन्ही दृश्ये त्याने टिपली.

या घटनेतून साधारणतः एक बोध घेतला जातो, आणि तो यथार्थ आहे. नाव दिसले की जीभ नावाची होते. पुढील काळातील संशोधनाने त्याला बळच दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन रंग मिसळून लाल करून देण्यात आली. त्यांनी तिचा गंध वर्णिताना लाल वाइनसाठी योजली जाणारी विशेषणे वापरली. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी तीच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून चाखावयास दिली, तेव्हा किंमत अधिक सांगताच ती अधिक आवडली, एवढेच नव्हे तर मेंदूच्या ज्या भागात सुखाची नोंद होते त्या भागातील हालचालही वाढलेली एम.आर.आय. चित्रणात दिसली. म्हणजे मनुष्य खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच अधिक सुख होत होते. पूर्वग्रह हा लबाडीचा प्रकार नसून इंद्रियांचा धर्म आहे, ही गोष्ट आपण डॉक्टरांनी विशेषत्वाने ध्यानी घेतली पाहिजे. प्रामाणिकपणा हा त्यावरील उतारा होऊ शकत नाही.

परंतु पॅरिसच्या निकालातून दुसराही एक बोध निघतो आणि तो फारसा कोणी घेत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वाइनमध्ये साडेपाच गुणांचे अंतर होते. नऊ परीक्षकांत ते वाटले तर प्रत्येकी वीसपैकी जेमतेम सहा दशांश गुण. एखाद्या परीक्षकाला त्या दिवशी पडसे झाले असते, तरी क्रम उलटू शकला असता! एवढ्या अंतरावर ‘कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवले’ ही घोषणा उभी राहिली. त्यातही सहा बाटल्या म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे आणि चार म्हणजे बर्गंडी नव्हे. त्या एका जाणकाराने निवडून आणलेल्या होत्या. विजेत्या वाइनची द्राक्षेही एकाच खोऱ्यातील नव्हती. नापा आणि अलेक्झांडर अशा दोन खोऱ्यांची नावे तिच्या लेबलावरच छापलेली होती. एखाद्या प्रदेशाला गुण देणे आणि त्या प्रदेशातून आलेल्या काही बाटल्यांना गुण देणे, या दोन गोष्टींतील फरक आपल्याला नवा नाही. आपल्या रुग्णालयात आलेले रुग्ण म्हणजे समाज नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो.

याहून गंभीर प्रश्न परीक्षकांचा आहे. नाव झाकले की पक्षपात जातो. पण त्यामुळे अचूकपणा येतोच असे नाही. निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः वाइन बनविणारे रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनातील परीक्षकांचीच परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. तीस पेल्यांच्या रांगेत एकाच बाटलीतील वाइन तीन वेळा, परीक्षकांना न सांगता, ठेवण्यात आली. तीनही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत गुण देऊ शकलेले परीक्षक सुमारे दहा टक्के निघाले. दुसऱ्या दहा टक्क्यांनी तर त्याच वाइनला कधी कांस्य तर कधी सुवर्ण दिले होते. मात्र याच अभ्यासात एक दिलासाही होता. काय आवडले यापेक्षा काय आवडले नाही, याविषयी परीक्षक अधिक सुसंगत होते. पॅरिसच्या यादीतील तळाचे ४२ गुण आठवावेत. नवव्या वाइनला ८८ गुण होते. म्हणजे पहिलीविषयी मतभेदास जागा होती, शेवटचीविषयी जवळजवळ नव्हती.

म्हणून माझे मत असे आहे की, झाकलेल्या बाटल्यांचे परीक्षण ही प्रामाणिक पद्धत आहे. पण तिचा उपयोग निकृष्ट ते बाजूला काढण्यासाठी आणि परीक्षकांना स्वतःची मर्यादा कळण्यासाठी अधिक आहे, पहिला क्रमांक जाहीर करण्यासाठी कमी. ज्या परीक्षणात गुणांची सरासरी सांगतात आणि परीक्षकांतील मतभेद लपवतात, ते परीक्षण अर्धवट झाकलेले असते. बाटलीचे नाव झाकले आणि त्याबरोबर अनिश्चितताही झाकली!

हा प्रश्न आता दूरदेशीचा राहिलेला नाही. सुलाची पहिली सोव्हिन्यों ब्लां २००० साली निघाली. त्यानंतर नाशिकच्या पांढऱ्या वाइनने आपले स्थान निर्माण केले. या प्रदेशाचे परीक्षण करावयाचे तर ते कसे करावे? पेले एकसारखे असावेत. वाइन दहा ते बारा अंश सेल्सिअसवर असावी, कारण अतिथंड केली की गुण आणि दोष दोन्ही लपतात. प्रत्येक परीक्षकाला निराळा क्रम द्यावा, म्हणजे आंबट वाइननंतर आलेली गोड वाइन सर्वांचीच दिशाभूल करणार नाही. घोट थुंकून टाकावा, एका बैठकीत पेले मोजकेच ठेवावेत. चर्चा करण्यापूर्वी प्रत्येकाने आपले गुण लिहून द्यावेत, नाहीतर ज्येष्ठ परीक्षकाने भुवई उंचावली की बाकीच्यांच्या लेखण्या वळतात. एक-दोन वाइन गुपचूप पुन्हा ठेवाव्यात. आणि बाटल्या उत्पादकाने पाठवलेल्या नसाव्यात, बाजारातून विकत आणलेल्या असाव्यात. एवढे केले तर ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा छोट्या उत्पादकाला आणि त्याला द्राक्षे देणाऱ्या शेतकऱ्याला न्याय मिळण्याची शक्यता तरी निर्माण होईल.

आता आपल्या घराकडे वळू. डोळे बांधून परीक्षा घेण्याची कल्पना वैद्यकात वाइनच्या फार पूर्वी आली, आणि तीही पॅरिसमध्येच. मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची शहानिशा करण्यासाठी १७८४ साली सोळाव्या लुईने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. त्यांनी रुग्णांचे डोळे बांधले. उपचार होत नसताना तो होत आहे असे सांगितले की परिणाम दिसे; उपचार होत असताना कळू दिले नाही की काहीच होत नसे. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या सुविख्यात चाचणीत १०७ क्षयरुग्णांची क्ष-किरण चित्रे तिघांनी स्वतंत्रपणे वाचली. कोणाला औषध मिळाले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. तेही एक परीक्षक मंडळच, आणि बाटल्याही झाकलेल्याच.

औषधाच्या बाबतीत आपण एवढे काटेकोर; परंतु एकमेकांच्या बाबतीत? दुसऱ्या मतासाठी आलेली पेशींची काचपट्टी आपण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो ती बहुधा पहिला अहवाल वाचूनच. तो अहवाल मुंबईच्या मोठ्या संस्थेचा असेल तर आपली नजर एक शोधते, तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेचा असेल तर दुसरेच शोधते. शोधनिबंधांना पारितोषिके देताना निबंधावर विभागप्रमुखाचे नाव ठळकपणे छापलेले असते. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहू न देता बैठक क्रमांक लिहावयास लावणारी आपली व्यवस्था, विद्यार्थी डॉक्टर झाला की हा साधा संकेत विसरते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. रुग्णाची हकिगत झाकून काचपट्टी वाचणे हे शास्त्र नव्हे, अपराध होय. मला हे पूर्ण मान्य आहे. वय, लक्षणे, पूर्वीची शस्त्रक्रिया, चालू औषधे यांच्यावाचून निदान लंगडे होते. वाइनच्या परीक्षणातही द्राक्षाची जात आणि साल सांगण्यास हरकत नसते. लपवावयाचे असते ते उत्पादकाचे नाव आणि किंमत. म्हणजे प्रश्न सर्व काही झाकण्याचा नाही. काय झाकावे आणि ते केव्हा उघडावे याच्या विवेकाचा आहे. रुग्णाविषयीची माहिती उघडी असावी. आपल्या सहकाऱ्याचे मत आणि त्याची प्रतिष्ठा काही काळ झाकलेली असावी. पहिला अहवाल बंद पाकिटात ठेवावा, आपले मत कागदावर लिहून सही करावी, आणि मग पाकीट उघडावे. मते जुळली तर रुग्णाचा विश्वास दुणावेल. न जुळली तर तो मतभेदच मोलाचा, कारण तिसऱ्या मताची गरज आहे हे तो सांगतो. यास ना खर्च लागतो, ना यंत्र.

दुसरा आक्षेप उघडपणे बोलला जाणार नाही, पण मनात राहील. चाळीस वर्षांच्या अनुभवाची अशी परीक्षा घेणे हा ज्येष्ठांचा अवमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पॅरिसमधील एका परीक्षक बाईंनी निकाल ऐकून आपली गुणपत्रिका परत मागितल्याचे सांगतात. अवमान झाला तो पद्धतीमुळे नव्हे. आपण चुकू शकत नाही या समजुतीमुळे झाला. अनुभवी मनुष्य अनेकदा बरोबर असतो म्हणूनच तो केव्हा चुकतो हे त्याला कळणे अगत्याचे.

विजयी वाइन बनविणारा माइक ग्रगिच (१९२३–२०२३) हा क्रोएशियातील खेड्यातून आलेला स्थलांतरित होता. बाटलीवरचे लेबल उघडे असते तर त्या नऊ परीक्षकांनी त्याच्या वाइनला किती गुण दिले असते, याचा अंदाज आपण करू शकतो. आपल्या शहरातही जिल्हा रुग्णालयात काम करणारा, मोठ्या घराण्याचे नाव नसलेला, सभेत मागच्या रांगेत बसणारा एखादा तरुण डॉक्टर असेल. येत्या वर्षी आपल्या मंडळाने निबंधांवरील नावे झाकून परीक्षण करावे, परीक्षकांनी गुण स्वतंत्रपणे द्यावेत आणि त्यांच्यातील मतभेदही निकालासोबत प्रसिद्ध करावेत, एवढीच माझी कार्यकारिणीस विनंती आहे. पारितोषिक कदाचित पूर्वीच्याच मंडळींना मिळेल. पण तसे झाले तर ते त्यांनाही अधिक गोड लागेल, कारण त्यातले मीठ आवडतीचे की नावडतीचे, हा प्रश्नच उरणार नाही.