भाडेकरूची पडताळणी झाली, वायरिंगची कधी?

घरमालकहो, भाडेकरूंनो, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो,

घर भाड्याने देताना काय काय तपासलं जातं? आधार कार्ड, पगाराची स्लिप, लग्न झालंय का, घरात मटण शिजतं का. पोलीस पडताळणी होते, करारनामा नोंदला जातो, डिपॉझिट जमा होतं. भिंतीच्या आतलं वायरिंग मात्र कोणीच तपासत नाही.

मी पुण्यात भाड्याने राहतो. गेल्या पावसाळ्यात गिझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येत. मालकांना फोन केला. "जुनी बिल्डिंग आहे, थोडंफार होणारच. चप्पल घालून आंघोळ करा," म्हणाले. शेवटी मीच वायरमन बोलावला. त्याने गिझरचं सॉकेट उघडून दाखवलं. बाहेरून व्यवस्थित थ्री-पिन, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग कधी जोडलंच नव्हतं. त्या रिकाम्या भोकाच्या भरवशावर माझी मुलं रोज आंघोळ करत होती.

"पण एमसीबी बसवलीय ना!" हे उत्तर मालकांकडे तयारच असतं. एमसीबी वायर वाचवते. लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं की ती पडते. गिझरची एमसीबी १६ किंवा २० अँपिअरची असते. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. एवढा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. तो पकडते आरसीसीबी: ३० मिलिअँपिअर गळती झाली की क्षणात पुरवठा तोडते. आपल्या मेन बोर्डात 'टी' अक्षराचं बटण आहे का, आज बघा. नसेल, तर तुमच्या घरात माणसाला वाचवणारं साधन बहुधा नाहीच.

वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. पुढे कोणाची? लिव्ह अँड लायसन्स हा १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टमधला परवाना आहे. त्याचं कलम ५७ म्हणतं की जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. 'माहीत असेल तर', इथेच सगळी मेख आहे. तपासणी केली नाही की दोष माहीत होत नाही, आणि माहीत नाही म्हणून सांगावा लागत नाही. जो मालक प्रामाणिकपणे तपासून घेतो तो बांधला जातो. जो डोळेझाक करतो तो सुटतो. ही पळवाट बंद झालीच पाहिजे.

हे अशक्य नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी सांगितलं आहे. मग वायरिंगनेच काय घोडं मारलं? इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याच्या घराचं वायरिंग किमान दर ५ वर्षांनी तपासावं लागतं आणि अहवालाची प्रत भाडेकरूला द्यावी लागते.

खर्चाचं म्हणाल, तर भाडेकरू जातो, वायरिंग तुमच्याच भिंतीत राहतं. आणि तुमचा मुलगाही बंगळुरूत कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये भाड्यानेच राहतो.

आमच्या मागण्या:

१. करारनाम्याआधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मेगर (वायरच्या इन्सुलेशनची चाचणी), अर्थिंग आणि आरसीसीबीची तपासणी व्हावी आणि अहवाल करारनाम्याला जोडावा.

२. दर ५ वर्षांनी ती पुन्हा व्हावी.

३. आरसीसीबी नसलेलं घर भाड्याने देण्यावर बंदी यावी.

४. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ खाली करारनाम्याची नोंदणी सक्तीची आहेच. शासनाने त्यात दुरुस्ती करून तपासणी अहवालाशिवाय नोंदणी होणार नाही, अशी तरतूद करावी.

भाडेकरूंनो, कायदा बदलेपर्यंत थांबू नका. झिणझिण्या आल्या की आधी मेन स्विच बंद करा. मग फोनवर बोलून सोडून देऊ नका. तारीख घालून, सॉकेटचा फोटो जोडून मालकांना लेखी कळवा. त्या क्षणापासून 'मला माहीत नव्हतं' असं त्यांना म्हणता येणार नाही.

आपला,
एक भाडेकरू, पुणे

(वाचून झाल्यावर हे पत्रक जिन्याच्या नोटीस बोर्डावर लावा.)