वशिल्याचे नवे नाव

ज्या कामासाठी पूर्वी माणूस आवाज खाली आणून ‘कोणाचा वशिला लागतो का पहा’ म्हणे, त्याच कामासाठी आता तो चारचौघांत खुशाल ‘तुमचा थोडा इन्फ्लुएन्स वापरा’ असे सांगतो, आणि ऐकणारासही त्यात काही वावगे वाटत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शब्द मुळात निर्दोष आहे. लॅटिनमधील त्याच्या धातूचा अर्थ आत वाहणे असा आहे. ग्रहताऱ्यांपासून एक अदृश्य प्रवाह निघून मनुष्याच्या देहात व दैवात शिरतो, अशी मध्ययुगीन युरोपातील ज्योतिष्यांची समजूत होती, आणि साथीच्या तापाला इटलीत मिळालेले इन्फ्लुएन्झा हे नाव, जे १७४३ च्या सुमारास इंग्रजीत आले, तेही त्याच समजुतीचे अपत्य होय. परंतु तुकोबांचा समाजमनावर पडतो तो प्रभाव, फौजदाराचा असतो तो वचक, थोरल्या भावाची पडते ती भीड, सावकाराचे येते ते दडपण आणि कचेरीत लावतात तो वशिला, हा विवेक ज्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या जपला, तिच्यात हे सारे एकाच परक्या शब्दाच्या पोटात घातले की पहिल्याची प्रतिष्ठा शेवटच्यास आयती मिळते. सरकारी नोकरावर वैयक्तिक वजन खर्च करण्यासाठी पैसे घेणे हा १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला आहे. तो व्यवहार बोलताना मात्र आपण सभ्य करून टाकतो. १८७२ च्या करार कायद्यात, दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालविण्याच्या स्थितीचा गैरफायदा सांगताना, खुद्द इंग्रजीलाही या शब्दामागे ‘अनुचित’ हे विशेषण जोडावे लागले.

आमच्या दस्तलेखकांना तशी गरज पडली नाही. काही वर्षांपूर्वी एका दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी माझ्या पाळीची वाट पाहत बसलो असता, शेजारच्या बाकावर एका वृद्ध बाईंना त्यांच्या बक्षीसपत्राचा मजकूर वाचून दाखविला जात होता. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणास बळी न पडता’ हे शब्द आले तेव्हा बाईंनी शाई लावलेला अंगठा क्षणभर तसाच अधांतरी धरला आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या पुतण्याकडे मान वळवून पाहिले. त्यांना तो शब्द कळला होता.