मताचा भाव

दिवाळीच्या पाडव्याला आपले पूर्वज द्यूतप्रतिपदा म्हणत आले. त्या दिवशी घरात पट मांडावा, चार कवड्या लावाव्या आणि हसत हसत हरावे, याला परंपरेची संमतीच आहे. तेव्हा जुगार हा शब्द ऐकताच कानांवर हात ठेवणारा मी मास्तर नव्हे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. माझे भांडण पटाशी नाही. पणाला काय लावले आहे, त्याच्याशी आहे.

अमेरिकेत अलीकडे निवडणुकीचा बाजार भरतो. अमुक मतदारसंघात अमुक उमेदवार येणार, अशी एक चिठ्ठी विकत घ्यायची. खरी ठरली तर तिचा एक डॉलर मिळतो, खोटी ठरली तर काहीच नाही. चिठ्ठी ६२ सेंटला विकली जात असेल, तर उमेदवार येण्याची शक्यता शेकडा ६२, असा अर्थ लावायचा. १९८८ साली आयोवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी हा खेळ अभ्यासासाठी मांडला आणि माणशी ५०० डॉलरांची मर्यादा घातली. पुढे काल्शी, पॉलिमार्केट अशा कंपन्या आल्या आणि प्राध्यापकांचा खेळ पेढीवर गेला. वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने २०२३ साली काल्शीला असले सौदे करण्यास मनाई केली. २०२४ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि २०२५ साली आयोगाने आपले अपीलही सोडून दिले. झाले, रान मोकळे!

या बाजाराचे वकील मोठे हुशार आहेत. ते म्हणतात, तोंडाने माणूस वाटेल ते बोलतो. खिशाला चाट बसायची असली म्हणजे खरे बोलतो. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीत जनमत चाचण्या बरोबरीची लढत दाखवीत असताना बाजार ट्रम्पसाहेबांकडे झुकला होता, आणि तेच आले. मात्र एवढ्या मोठ्या देशाचा कल ताडणे निराळे आणि एका लहानशा मतदारसंघाचे भविष्य सांगणे निराळे. लहान मतदारसंघाच्या बाजारात गिऱ्हाईक थोडे. दोन-चार धनिकांनी मनात आणले तर भाव हवा तसा वर-खाली होतो, आणि त्यालाच वर्तमानपत्रे ‘शक्यता’ म्हणून छापतात.

व्हर्जिनिया राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचा ९४वा मतदारसंघ घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे रिपब्लिकन पक्षाचे डेव्हिड यान्सी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स यांची लढत झाली. पहिल्या मोजणीत यान्सी १० मतांनी पुढे होते. फेरमोजणीत सायमंड्सबाई एका मताने पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांपुढे एक वादग्रस्त मतपत्रिका आली. मतदाराने दोघांपुढच्याही खुणा काळ्या केल्या होत्या आणि बाईंच्या खुणेवर एक रेघ ओढली होती. न्यायाधीशांनी ते मत यान्सींना दिले. दोघांची मते झाली ११,६०८. अखेर ४ जानेवारी २०१८ रोजी एका वाडग्यातून चिठ्ठी काढली आणि यान्सींचे नाव निघाले. त्या एका जागेमुळे सभागृहात ५१ विरुद्ध ४९ असे बहुमत झाले. नाव दुसरे निघते तर ५०-५० झाले असते.

आता मला सांगा, त्या रेघेचा भाव कोणत्या बाजाराला आधी कळला असता? ती ओढणाऱ्याच्या मनात काय होते, हे तीन न्यायाधीशांनाही कागद डोळ्यांपुढे धरून ठरवावे लागले.

आणि खरी भीती पुढेच आहे. त्या एका कागदावर कोणाचे लाखो डॉलर लागलेले असते तर? मोजणीच्या टेबलाशी बसलेला साधा कारकून, त्याला रात्री येणारे फोन, न्यायालयाबाहेर उभे असलेले सावकार, हे सारे नजरेसमोर आणा. घोड्यावर पैसे लावणारा फार तर जॉकीला फितवतो. इथे फितवायला अख्खी मोजणी आहे. शिवाय निकालाआधीच ‘शेकडा ९५’ असा आकडा वाचून जो मतदार घरी बसतो, त्याचे काय? यान्सींचा किंवा बाईंचा असा एकच मतदार त्या दिवशी घरी बसता, तर वाडगा काढावाच लागला नसता. धर्मराजाने द्रौपदी पणाला लावली तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. मतदारालाही इथे कोणी विचारीत नाही.

आपण हसू नये. निवडणूक आली की राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे भाव आपलीही वर्तमानपत्रे छापतात. शेवटचे मत पडेपर्यंत एक्झिट पोल छापायला कायद्याने बंदी, सट्टा तर मुळातच बेकायदा, आणि सट्ट्याचा भाव मात्र पहिल्या पानावरची बातमी! २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, हे ठीक झाले. पण भाव छापणाऱ्या संपादकांना माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराने काय सांगावे? एवढेच मागतो की, पुढच्या निवडणुकीत मतदान संपेपर्यंत तो रकाना त्यांनी कोरा ठेवावा. आणि कोरा ठेवणे जिवावर येत असेल, तर त्या जागी मतदान केंद्रांचे पत्ते छापावेत.