पनवेलचा पारा आणि विमानतळाचा पहिला उन्हाळा

पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली, तीही ऐन थंडीत. आता विमानतळाचा पहिलाच उन्हाळा. इतक्या उकाड्यात विमानांना अडचण येते का?

आधी पनवेलच्या हवेचे गणित. रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. जमीन तापली की दिशा उलटते आणि खारे वारे आत येतात. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असला, तर खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो आणि पारा चढतच जातो. सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले ते २८ मार्च १९५६ रोजी, मे उजाडायचा होता. आपल्याच रायगड जिल्ह्यातील भिरा येथे २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेला. योगायोगाने तारीख तीच, २८ मार्च. पनवेल खाडीच्या टोकाला, समुद्रापासून आत. त्यामुळे कुलाब्याला झुळूक लागली तरी इथे पंख्याखाली घाम येतच असतो.

विमानाला उष्णतेचे वावडे का?

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. पारा ३८ अंशांवर गेला की समुद्रसपाटीवरची हवा विमानासाठी साधारण ८०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी होते. म्हणजे धावपट्टी उलव्यात, पण विमानाच्या हिशेबाने ती माथेरानच्या डोक्यावर! मग उड्डाणासाठी जास्त धावावे लागते किंवा वजन कमी ठेवावे लागते. अमेरिकेतील फिनिक्स येथे जून २०१७ मध्ये पारा ४८ अंशांच्या आसपास गेला, तेव्हा लहान जेट विमानांची अनेक उड्डाणे रद्द झाली होती. इथली धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. त्यामुळे नेहमीच्या देशांतर्गत विमानांसाठी नुसता उकाडा ही मोठी अडचण नाही.

वाऱ्याची दिशा मात्र पनवेलकरांना थेट कळेल. विमाने शक्यतो वाऱ्याच्या समोरून उतरतात आणि उडतात. धावपट्टी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे पश्चिमेचे खारे वारे जोर धरले की उतरणारी विमाने सहसा पूर्वेकडून, म्हणजे पनवेल शहराच्या बाजूने येणार. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर उठतात, त्यात विमान हेलकावे खाते. पोटात गोळा येणाऱ्यांनी सकाळचे तिकीट काढावे.

खरा धोका वळवाचा. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सह्याद्रीकडून काळे ढग उतरतात आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा, वेग दोन्ही बदलतात. १३ मे २०२४ रोजी अशाच वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला आणि मुंबई विमानतळावरील वाहतूक काही काळ थांबवावी लागली. आता जवळ दुसरा विमानतळ आहे, मग काळजी कसली, असे वाटेल. पण दोन्हींमध्ये सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटरचे अंतर. एकच वादळ दोन्ही बंद पाडू शकते. अशा वेळी विमाने अहमदाबाद किंवा अन्यत्र वळवावी लागणार, हे प्रवाशांनी धरून चालावे.

पनवेलकरांना काय मिळेल?

विमानतळांवर साधारण दर अर्ध्या तासाला हवामानाची नोंद होते: तापमान, आर्द्रता समजणारा दवबिंदू, वारा, दृश्यमानता, ढग. तिला ‘मेटार’ म्हणतात. ती गुपित नसते, पण सांकेतिक अक्षरांत असते आणि वैमानिकांपलीकडे फारसे कुणी वाचत नाही. बातम्यांत दिसणारा ‘मुंबईचा पारा’ बहुधा सांताक्रूझ किंवा कुलाब्याचा. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांच्या पुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. पनवेलला असा दिवस कुलाब्याच्या आधी येऊ शकतो, आणि तेव्हा विमानतळाच्या तापलेल्या काँक्रीटवर सामान चढवणारा कामगार किंवा शहरातला नाका कामगार सांताक्रूझच्या आकड्यावर विसंबून राहू शकत नाही. उलव्यातली नोंद साध्या मराठीत महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि एसटी स्थानकाच्या फलकावर दर अर्ध्या तासाला दाखवायला नवे यंत्र लागत नाही. हे काम एप्रिल सरण्याआधी व्हायला हवे.